ग्रीक सून आणि बर्गंडीची सासू

परक्या मुलखातून आलेल्या सुनेचा विषय निघाला की आपणा ख्रिस्ती माणसांना प्रथम रूथ आठवते. मवाब देशाची ही तरुण विधवा आपला देश, आपली माणसे आणि आपली दैवते मागे ठेवून सासू नामीबरोबर बेथलेहेमला आली. पुढे दावीद राजाची पणजी झाली आणि संत मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव कायमचे कोरले गेले. विवाहप्रसंगीच्या प्रवचनांतून आम्ही धर्मगुरू ही कथा वारंवार सांगतो. ती सांगावी अशीच आहे. परंतु केवळ तीच सांगितल्यामुळे आपल्या मनात नकळत एक समजूत रुजते. सुनेने सगळे सोडून यावे, सासरचे लोक आपले लोक मानावेत, म्हणजे काम झाले, अशी ती समजूत. सुनेकडून काय अपेक्षित आहे हे आपण रूथकडून शिकतो. सासरने काय करावे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

या दुसऱ्या प्रश्नासाठी मी वाचकांना दहाव्या शतकातल्या एका घरात घेऊन जाऊ इच्छितो. घर मोठे आहे, सम्राटाचे आहे. तेथील सासू पुढे संत म्हणून गौरवली गेली आणि सून पश्चिम युरोपातील सर्वांत कर्तबगार राज्यकर्त्या स्त्रियांपैकी एक ठरली. तरीही त्या घरातले रुसवेफुगवे, टोमणे, समेट आणि संकटात एकमेकींना दिलेला हात हे सगळे आपल्या ओळखीचे वाटावे असेच आहे.

हे घर जर्मनीतील सॅक्सन राजघराण्याचे. राजा ऑटो पहिला याला इ. स. ९६२ मध्ये पोप बारावे योहान यांनी रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट घातला. या घराला परक्या सुनांची सवय नव्हती असे मुळीच नाही. ऑटोची पहिली पत्नी ईडिथ ही इंग्लंडची राजकन्या, राजा ॲथेलस्टन याची सावत्र बहीण. इ. स. ९२९-३० च्या सुमारास ती समुद्र ओलांडून सॅक्सनीत आली आणि ऑटोने तिला माग्देबुर्ग हे गाव विवाहाची भेट म्हणून दिले. ऑटोची आई मॅटिल्डा हीदेखील संत म्हणून पूजिली जाते. परंतु तिचे आणि तिच्या मुलांचे मालमत्तेवरून आणि तिच्या दानधर्मावरून फार बिनसले होते. मायलेकांची ही तुटलेली गाठ पुन्हा बांधली गेली ती या इंग्रज सुनेच्या मध्यस्थीमुळे, असे मॅटिल्डाच्या जुन्या चरित्रांत सांगितले आहे. रक्ताच्या नात्यात पडलेली फट परक्या मुलीने बुजवली, ही त्या घराच्या इतिहासातील पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

ईडिथ इ. स. ९४६ मध्ये वारली. तिच्याविषयी एक अलीकडची हकीकत सांगण्याजोगी आहे. २००८ साली माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमधील तिच्या थडग्यात शिशाची एक पेटी सापडली व तीत एका स्त्रीच्या अस्थी होत्या. त्या तिच्याच का, हे ठरवण्यासाठी ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी दातांवरील कवचाची तपासणी केली. लहानपणी माणूस ज्या भूमीतले अन्नपाणी घेतो, तिच्या खुणा दातांच्या त्या कवचात जन्मभर राहतात. २०१० साली निष्कर्ष जाहीर झाला. या स्त्रीचे बालपण दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या प्रदेशात गेले होते. सोळा-सतरा वर्षे सॅक्सनीचे अन्न खाऊनही, आणि नंतर हजाराहून अधिक वर्षे सॅक्सनीच्या मातीत पडूनही, माहेरच्या पाण्याची खूण पुसली गेली नव्हती. सुनेने माहेर विसरावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. देवाने निर्मिलेल्या देहाचीच ती रीत नाही.

ऑटोची दुसरी पत्नी ॲडिलेड. ही बर्गंडीचा राजा दुसरा रुडॉल्फ याची मुलगी. लहान वयात तिचा विवाह इटलीचा राजा लोथार याच्याशी झाला. इ. स. ९५० मध्ये ती विधवा झाली, तेव्हा राज्य बळकावणाऱ्या बेरेंगारने तिला कैदेत टाकले. तेथून ती निसटली आणि इ. स. ९५१ मध्ये तिने ऑटोशी विवाह केला. आपल्या वडिलांनी परमुलखातील दुसरी पत्नी आणली हे ईडिथच्या मुलाला, लुडॉल्फला, रुचले नाही. नव्या विवाहाने आपला वारसा धोक्यात आला अशी भीती हे त्याच्या इ. स. ९५३ च्या बंडाचे एक कारण होते. तेव्हा, ज्या ॲडिलेडची आपण सासू म्हणून ओळख करून घेणार आहोत, ती स्वतः त्या घरात परकी म्हणूनच आली होती. सॅक्सन सरदारांच्या नजरा, भाषेची अडचण, सावत्र मुलाचा राग हे सगळे तिने सोसले होते.

ऑटोला आपल्या व ॲडिलेडच्या मुलासाठी, दुसऱ्या ऑटोसाठी, कॉन्स्टँटिनोपलच्या राजघराण्यातील वधू हवी होती. त्या काळी पूर्वेकडील ग्रीक भाषिक सम्राट स्वतःलाच रोमचा खरा वारस मानत आणि जर्मनीच्या राजाला उपटसुंभ समजत. तेथील राजकन्या आपली सून झाली म्हणजे आपल्या सम्राटपदाला मान्यता मिळाली, असा ऑटोचा हिशेब होता. त्यासाठी इ. स. ९६८ मध्ये त्याने क्रेमोनाचे बिशप ल्युटप्रांड यांना कॉन्स्टँटिनोपलला पाठवले. जूनच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चार महिने ते तेथे होते. त्यांनी लिहिलेला वृत्तान्त आजही उपलब्ध आहे आणि सोयरीक करायला गेलेल्या माणसाचे मन किती कडवट होऊ शकते याचा तो नमुना आहे. उतरायला दिलेल्या वाड्यात पाणी नाही, मद्याला डांबराचा आणि राळेचा वास, जेवणात लसूण, कांदा आणि माशांचा रस, आणि सम्राट निकेफोरस दिसायला कुरूप, अशा तक्रारींनी तो भरला आहे. सम्राटानेही त्यांचा पाणउतारा करण्यात कसर ठेवली नाही. तुम्ही रोमन नव्हे, लोंबार्ड आहात, असे त्याने सुनावले. परतताना बिशपांनी विकत घेतलेली उंची जांभळी वस्त्रे अधिकाऱ्यांनी काढून घेतली. त्या रंगाची वस्त्रे बाहेरच्यांसाठी नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. दोन घरांची तोंडे अशी विरुद्ध दिशांना असताना सोयरीक कशी जुळणार?

ती जुळली, कारण कॉन्स्टँटिनोपलमध्ये राज्यपालट झाला. इ. स. ९६९ च्या डिसेंबरात निकेफोरसचा खून झाला आणि योहान त्झिमिस्केस सम्राट झाला. त्याला पश्चिमेकडे शांतता हवी होती. कोलोनचे आर्चबिशप गेरो यांच्या नेतृत्वाखाली नवे शिष्टमंडळ गेले आणि इ. स. ९७२ मध्ये ते वधूला घेऊन इटलीत उतरले. तिचे नाव थिओफानू. बरोबर मोठा लवाजमा होता, मौल्यवान भेटवस्तू होत्या. परंतु येथे एक पेच निघाला. ऑटोने मागितली होती ती ॲना नावाची, राज्य करणाऱ्या सम्राटाच्या पोटी जन्मलेली राजकन्या. ग्रीक दरबारात अशा मुलींना 'जांभळ्या दालनात जन्मलेल्या' म्हणत व त्यांचा मान निराळा असे. थिओफानू ही तशी नव्हती. ती नव्या सम्राटाची केवळ पुतणी किंवा भाची होती.

मर्सेबुर्गचे बिशप थिटमार यांनी पुढे लिहिलेल्या इतिहासात नोंद आहे की, ही ठरलेली मुलगी नव्हे, हिला परत पाठवा, असा सल्ला काही दरबारी मंडळींनी ऑटोला दिला. वाचकहो, त्या क्षणाची कल्पना करा. कोवळ्या वयाची एक मुलगी, जिला येथील भाषा येत नाही, महिनोन्‌महिने प्रवास करून आली आहे आणि शेजारच्या दालनात तिला परत धाडण्याची चर्चा चालू आहे. ऑटोने तो सल्ला फेटाळला. त्याचे हिशेब राजकारणाचेही असतील. परंतु घरच्या कर्त्या माणसाने त्या वेळी घेतलेली भूमिका स्पष्ट होती. जी आली आहे ती आपली सून आहे. दि. १४ एप्रिल ९७२ रोजी रोममध्ये संत पेत्राच्या मंदिरात पोप तेरावे योहान यांच्या हस्ते विवाह झाला आणि थिओफानूला सम्राज्ञीचा मुकुट घालण्यात आला.

त्या दिवसाचे विवाहपत्र आजही जर्मनीत वोल्फेनब्युटेल येथील सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवले आहे. सुमारे दीड मीटर लांबीच्या या चर्मपत्रावर जांभळी पार्श्वभूमी आणि तीवर सोन्याची अक्षरे आहेत. जो रंग ल्युटप्रांडच्या हातून हिसकावून घेतला गेला, तोच रंग सासरने सुनेच्या विवाहपत्राला दिला. त्यात तिला दिलेल्या मालमत्तेची यादी आहे: इटलीत इस्त्रिया आणि पेस्कारा, उत्तरेकडे वाल्खरेन, नीवेलचा मठ आणि त्याच्या १४,००० शेतजमिनी, शिवाय बोपार्ड, टील, हेरफोर्ड, टिलेडा व नॉर्डहाउझेन ही राजवाड्यांची ठिकाणे. येथे हुंडा सुनेने आणलेला नाही, सासरने सुनेला तिच्या स्वतःच्या नावे दिलेला आहे. तिच्या पायाखाली तिची स्वतःची जमीन असावी, म्हणजे ती कुणाच्या मेहेरबानीवर राहणार नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे स्त्रीधन हा शब्द जुना आहे. त्याचा अर्थ मात्र आपण बऱ्याचदा उलटा करून टाकला आहे.

विवाहानंतर थिओफानू आल्प्स ओलांडून जर्मनीत गेली. संगमरवरी वाडे, ग्रंथालये आणि लाखोंची वस्ती असलेल्या शहरातून ती अशा देशात आली, जेथे राजाला कायमची राजधानीही नव्हती. राजा, राणी आणि दरबार वर्षभर एका वाड्याहून दुसऱ्या वाड्याला जात. तिचा मुलगा तिसरा ऑटो इ. स. ९८० मध्ये जन्मला तोही आखेनहून नायमेखेनकडे जाणाऱ्या वाटेवर, एका अरण्याजवळ. वर्षभराने, इ. स. ९७३ च्या मे महिन्यात, सासरे वारले आणि तिचा पती खऱ्या अर्थाने सम्राट झाला. त्याच्या राजपत्रांत तिचा उल्लेख सहसम्राज्ञी असा येऊ लागला. या घरात पत्नीला असा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता. तिने तीन मुलींना वाढवले. त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. एक सोफिया, हे ग्रीक नाव. दुसरी ॲडिलेड, हे सासूचे नाव. तिसरी मॅटिल्डा, हे आजेसासूचे नाव. एका पाळण्याशेजारी दोन्ही घरे उभी होती, हे त्या तीन नावांतून कळते.

बाहेर मात्र कुजबूज चालूच होती. तिचे रेशमी कपडे, तिचे दागिने, तिची राहणी लोकांच्या डोळ्यांत खुपे. तिच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी रेगेन्सबुर्गच्या ओट्लो नावाच्या मठवासीयाने एका धर्मभगिनीला पडलेला दृष्टान्त लिहून ठेवला. त्यात थिओफानू परलोकात यातना भोगत आहे, कारण ग्रीक स्त्रियांचे अनावश्यक, दिमाखदार अलंकार तिने या देशात आणून येथील स्त्रियांना नादी लावले. म्हणजे कपड्यांच्या तक्रारीने तिचा पाठलाग थडग्यापलीकडेही सोडला नाही! याउलट बिशप थिटमार यांनी तिची मनापासून स्तुती केली आहे. तिने मुलाचे राज्य दक्षतेने राखले, सज्जनांना जवळ केले, उद्धटांना धाकात ठेवले, असे ते म्हणतात. परंतु त्या स्तुतीतच एक काटा आहे. ती सद्वर्तनी होती, आणि हे ग्रीस देशात क्वचित आढळते, असे ते जोडून देतात. सुनेच्या समाजाला नावे ठेवून सुनेला चांगले म्हणण्याची ही तऱ्हा आपल्याही कानांवर येते. 'त्यांच्यातली असून बरी निघाली हो,' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला वाटते की आपण कौतुक केले. ऐकणारीला आपल्या आईबापांचा अपमान ऐकू येतो.

आता सासूसुनेकडे वळू. सम्राट ऑटो वारल्यावर ॲडिलेड काही वर्षे मुलाच्या दरबारात फार वजनदार होती. नंतर तिचे आणि मुलाचे बिनसले, आणि इ. स. ९७८ च्या सुमारास ती दरबार सोडून बर्गंडीला, आपल्या भावाकडे, माहेरी निघून गेली. पन्नाशीकडे झुकलेली ही विधवा सम्राज्ञी रुसून माहेरी गेली. तिचे चरित्र लिहिणारे क्लुनीचे मठाधिपती संत ओडिलो यांनी याचा दोष दुष्ट सल्लागारांना दिला आहे. इतिहासकार आणखीही कारणे सांगतात: विधवेच्या ताब्यातील विस्तीर्ण मालमत्ता, तिच्या नातलगांची व मुलाच्या विरोधकांची गुंतागुंत, आणि दरबारात शब्द कुणाचा चालावा हा प्रश्न. भांडण खरे पाहता भाषेचे किंवा पेहरावाचे नव्हते. सत्तेचे आणि मालमत्तेचे भांडण बऱ्याचदा संस्कृतीचा झगा घालून येते. घरात कलह झाला की 'शेवटी ती परकी' असे म्हणणे सोपे असते, कारण त्यामुळे खरे कारण तपासावे लागत नाही.

समेट घडवून आणला तो क्लुनीचे मठाधिपती संत मायोलस यांनी. इ. स. ९८० च्या अखेरीस उत्तर इटलीतील पाव्हिया येथे मायलेकांची भेट झाली. तो समेट किती मोलाचा होता हे तीन वर्षांत कळले. दि. ७ डिसेंबर ९८३ रोजी दुसरा ऑटो रोममध्ये तापाने वारला. त्याचे वय तिशीही गाठले नव्हते. संत पेत्राच्या मंदिरात त्याला पुरले. त्याच महिन्यात, नाताळच्या दिवशी, आखेन येथे त्याच्या तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर राजमुकुट ठेवला गेला, आणि त्यानंतर लगेच वडिलांच्या मृत्यूची बातमी तेथे पोहोचली.

मग काय झाले? नात्यातलाच बव्हेरियाचा हेन्री, ज्याला इतिहासाने 'भांडखोर' हे विशेषण लावले आहे, पालकत्वाचा हक्क सांगून पुढे आला आणि त्याने त्या बालराजाला ताब्यात घेतले. इ. स. ९८४ च्या ईस्टरला क्वेडलिनबुर्ग येथे आपल्या पाठीराख्यांकडून त्याने स्वतःलाच राजा म्हणून जाहीर करवून घेतले. आई इटलीत, आजी इटलीत, आणि मूल शत्रूच्या हाती. एकीचे पुत्रशोकाचे दुःख, दुसरीचे वैधव्याचे. अशा वेळी दोघी एकमेकींना दोष देऊ शकल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. सासू आणि सून बरोबर निघाल्या व आल्प्स ओलांडून जर्मनीत आल्या. ॲडिलेडची मुलगी, क्वेडलिनबुर्गची मठमाता मॅटिल्डा, म्हणजे थिओफानूची नणंद, हीदेखील त्यांच्या बाजूने होती. माइन्झचे आर्चबिशप विलिगिस यांनी सरदारांना एकत्र ठेवले, आणि पुढे दुसरे सिल्व्हेस्टर या नावाने पोप झालेले विद्वान गर्बर्ट यांनी पत्रांमागून पत्रे लिहून या पक्षाला बळ दिले. दि. २९ जून ९८४ रोजी रारा नावाच्या ठिकाणी झालेल्या सभेत हेन्रीला ते मूल त्याच्या आईच्या आणि आजीच्या स्वाधीन करावे लागले. पुढच्या वर्षी त्याने पूर्ण शरणागती पत्करली आणि त्याला त्याचे बव्हेरिया परत देण्यात आले. सूड घेतला गेला नाही.

त्यानंतर सात वर्षे थिओफानूने मुलाच्या नावे राज्य चालवले. ग्रीक बाई सॅक्सन सरदारांवर राज्य करते आहे, ही गोष्ट ईडिथच्या काळी कुणाला स्वप्नातही खरी वाटली नसती. इ. स. ९९० मध्ये इटलीतील एका दस्तऐवजात तिने आपले नाव चक्क पुल्लिंगी रूपात, सम्राट म्हणून, लिहवले. या काळात सासूसुनेचे संबंध पुन्हा ताणले गेले. ॲडिलेड इटलीत राहू लागली. संत ओडिलो यांनी या काळाची एक आठवण नोंदली आहे. मी आणखी वर्षभर जगले तर ॲडिलेडच्या हाती मूठभर भूमीही उरणार नाही, असे सून म्हणाली आणि चार आठवड्यांच्या आत ती वारली, अशी ती कथा. ती खरी की सासूच्या भक्तांनी रचलेली, हे कोण सांगणार! लक्षात राहते ती एक गोष्ट: ओडिलो तिचे नाव घेत नाहीत. तिचा उल्लेख ते 'ती ग्रीक' असा करतात. एकोणीस वर्षे या घरात नांदून, तीन मुली व एक राजा वाढवून, राज्य वाचवूनही, एका संताच्या लेखणीखाली ती शेवटी 'ती ग्रीक' एवढीच उरली.

दि. १५ जून ९९१ रोजी थिओफानू नायमेखेन येथे वारली. कोलोन येथील संत पँटालिऑन यांच्या मठमंदिरात तिला पुरण्यात आले. हे पँटालिऑन म्हणजे पूर्वेकडील, ग्रीक भाषिक ख्रिस्तसभेचे हुतात्मे. माहेरच्या संताच्या सावलीत, सासरच्या मातीत तिने विसावा घेतला. ते मंदिर आजही उभे आहे. आणि मग पुन्हा एकदा सासू पुढे आली. साठीच्या ॲडिलेडने नातवाची आणि राज्याची जबाबदारी उचलली आणि तो वयात येईपर्यंत ती निभावली. नंतर ती अल्सास प्रांतात सेल्झ येथे स्वतः स्थापन केलेल्या मठाकडे वळली, व दि. १६ डिसेंबर ९९९ रोजी तेथे वारली. इ. स. १०९७ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी तिला संतपद बहाल केले. सुनेशी पटले नाही म्हणून तिचे संतपद अडले नाही, आणि संत होती म्हणून तिला सुनेशी जुळवून घेणे सोपे गेले नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी रोझरी होते तेथेही वाद होतात, याने कुणी खचून जाऊ नये.

ही सून येताना काय घेऊन आली? संत निकोलस यांची भक्ती जर्मनीत रुजण्यात तिचा मोठा वाटा होता असे मानले जाते. तिची मुलगी मॅटिल्डा आणि जावई एझो यांनी इ. स. १०२४ मध्ये कोलोनजवळ ब्राउवायलर येथे जो मठ उभारला तो संत निकोलस यांच्याच नावाचा. पवित्र मरियेच्या महानिद्रेचे ग्रीक हस्तिदंती शिल्प तिच्या मुलाच्या शुभवर्तमान-ग्रंथाच्या मुखपृष्ठावर बसवले गेले. तो ग्रंथ आज म्युनिकमध्ये आहे. पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात एक हस्तिदंती फलक आहे. त्यात मधोमध प्रभू ख्रिस्त उभा असून तो एका हाताने ऑटोला आणि दुसऱ्या हाताने थिओफानूला मुकुट घालतो आहे. दोघांची उंची सारखी आहे. तिचा मुलगा ग्रीक शिकला आणि मोठा झाल्यावर, आपल्यातील सॅक्सन रांगडेपणा घालवून ग्रीक सूक्ष्मता जागवावी, अशी विनंती त्याने गर्बर्ट यांना पत्राने केली. आणि तिची नात रिखेझा? ती सून म्हणून पोलंडला गेली आणि तेथील राजघराण्याची माता झाली. परक्या सुनेची नात पुन्हा परक्या घरची सून झाली.

या हकीकतीत एक मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. थिओफानूचा विवाह झाला तेव्हा पूर्वेची आणि पश्चिमेची ख्रिस्तसभा एकच होती. १०५४ ची फूट अजून दूर होती. तिला धर्म बदलावा लागला नाही. वेगळी होती ती उपासनेची भाषा, उपवासाचे नियम, पवित्र भाकरीचा प्रकार, गाण्याच्या चाली. म्हणजे 'ख्रिस्ती आहे, पण आपल्यातली नाही' अशा सुनेची ही गोष्ट आहे. आज आपल्या धर्मग्रामांतून अशा सुना येत आहेत. कुणी मंगळूरची, कुणी गोव्याची, कुणी केरळची. मुंबई परिसरात नोकरीच्या ठिकाणी तरुणांच्या ओळखी होतात. सिरो-मलबार भाविकांसाठी १९८८ साली कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हापासून आपल्या शेजारीच दुसऱ्या उपासनापद्धतीची मंदिरे आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पौर्वात्य ख्रिस्तसभांविषयीच्या आदेशात स्पष्ट सांगितले की सर्व उपासनापद्धतींचा दर्जा समान आहे. पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या कायद्यानुसार विवाहाच्या वेळी वा नंतर पत्नी पतीच्या ख्रिस्तसभेत जाऊ शकते. जाणे तिच्या इच्छेवर आहे, आणि त्यासाठी तिला भरीस घालण्याचा अधिकार कुणालाही नाही. सून बाप्तिस्मा न घेतलेली असेल, तर धर्मप्रांताकडून रीतसर सूट घेऊन विवाह होतो. त्या वेळी वचन द्यावे लागते ते कॅथलिक जोडीदाराला. तिला त्या वचनाची फक्त कल्पना दिली जाते. हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते, आणि मग कायदा मागत नाही ते सासर मागू लागते.

सॅक्सन घराकडून आपण काय शिकावे? त्यांनी सुनेला परत पाठवले नाही, तिच्या नावे मालमत्ता लिहून दिली, तिचे नाव आणि तिचे संत आपल्या घरात येऊ दिले, आणि आग लागली तेव्हा सासूसून एकत्र धावल्या. चुकले कोठे, तर तिला नावाने हाक मारण्यात. ॲडिलेडला स्वतःचे परकेपण आठवले असते, तर कदाचित मधली कडवट वर्षे टळली असती. आपल्यातील प्रत्येक सासू कधीतरी दुसऱ्या गावाहून, निदान दुसऱ्या घराहून, उंबरठा ओलांडून आलेली असते. तो पहिला दिवस तिने विसरू नये. नव्या सुनेच्या हातचे पहिले कालवण नारळाच्या तेलाच्या वासाचे लागले, तर ते वाढून घ्यावे. तिच्या भाषेतली एखादी प्रार्थना तिला घरच्या वेदीपुढे म्हणू द्यावी. नातवंडांना आजोळची भाषा येऊ द्यावी. मायोलस यांच्यासारखा मध्यस्थ लागला तर धर्मगुरूंकडे यावे. वकिलाकडे जाण्यापूर्वी यावे. आणि शेजारीण विचारील, तुमची ती केरळची कशी आहे, तेव्हा तिला सुनेचे नाव सांगावे.